बेल्टाखालच्या दोन रेघा

बेल्ट तुटला तेव्हा काही म्हणजे काही वाजलं नाही. हे मला अजून पचलेलं नाही. मी गिरणीवाल्याची मुलगी. पट्टा तुटायच्या आधी काय काय करतो, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. आणि माझ्याच गाडीचा पट्टा माझ्या पायांपासून हातभर अंतरावर गेला, शेजारी सातवा महिना भरत आलेली लेक, मागे ट्रक, समोर घाटाचा चढ, आणि मला गंधवार्ता नाही!

बेळगावजवळच्या कंग्राळीत आमची पिठाची गिरणी होती. एका भिंतीला मोटार, दुसऱ्या भिंतीला जातं, आणि मधे वीतभर रुंद पट्टा. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या पट्ट्याचा आवाज ओळखत. जोड सैल झाला की टपटप वाजायचं, ताण कमी झाला की तो कुईकुई करायचा, आणि काठ झिजला की फरफरायचा. जेवायला बसलेले आप्पा हातातला घास तसाच धरून कान टवकारायचे आणि म्हणायचे, "पट्टा बोलाय लागला." मग हात धुऊन जायचे, राळ लावायचे, नाहीतर नवीन जोड मारायचे. त्यांचा नियम एकच होता. पट्टा बोलल्याशिवाय बदलायचा नाही, आणि बोलल्यावर एक दिवस थांबायचं नाही. हा नियम मी आयुष्यभर सगळ्याला लावला. चपलेला, छपराला, नवऱ्याच्या खोकल्याला. तो कधी चुकला नाही, म्हणून तर माझी ही गत झाली.

गाडी मी निवृत्त होण्याच्या वर्षी घेतली, जुनीच, आमच्या शाळेतल्या कन्नडच्या सरांकडून. खानापूरच्या त्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. सरांनी तेवढीच वर्षं कन्नड शिकवलं. ते धारवाडला मुलाकडे राहायला निघाले होते. गाडी फारशी पळालेली नव्हती. घर ते शाळा, शाळा ते घर. माणूस इतका व्यवस्थित, की डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणाला आतून त्यांनी एक कागद चिकटवला होता. त्यावर गाडीची सगळी हकीकत सुवाच्य अक्षरात लिहिलेली. कन्नडमध्ये.

"सगळं ह्यात लिवून ठिवलोय, टीचर," ते म्हणाले. मग एका ओळीवर बोट टेकवलं. "आणि हे बेल्टाचं. एवढं आठवणीनं बघा."

"व्हय सर, बघितलं," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मी काहीही बघितलं नव्हतं. मला कन्नड वाचता येत नाही.

बोलता फर्डं येतं. बाजारात मी कन्नडमध्ये भांडते, शेजारच्या काकूंशी तासतासभर गप्पा मारते, लग्नात त्यांच्या बायकांबरोबर गाणी म्हणते. पण अक्षर एक कळत नाही. लहानपणी गावच्या मराठी शाळेत ते कुणी नेटानं शिकवलं नाही, आणि घरात वातावरण असं, की ते न येणं ही अभिमानाची गोष्ट. पुढे नोकरी लागली. ऑफिसचे कागद कन्नडमध्ये यायचे. क्लार्क भराभर मोठ्यानं वाचायचा, आम्ही अर्धं ऐकायचो आणि खाली सह्या ठोकायचो. मी सही मोठी झोकदार करते, त्यामुळे कुणाला कधी शंका आली नाही. सरांनाही नाही. एकतीस वर्षं त्यांनी माझ्या सह्या कन्नड कागदांखाली बघितल्या होत्या, त्यांना काय ठाऊक? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती मूठ निवृत्तीपर्यंत झाकून नेली.

घरात फक्त लेकीला माहीत होतं. ती मराठी शाळेतच शिकली, पण तिच्या वेळेपर्यंत कन्नड सक्तीचं झालं होतं, आणि पोरगी हुशार. सात-आठ वर्षांची असताना स्टँडवर माझा हात धरून उभी राहायची आणि बसच्या पाट्या वाचायची. "आई, ही न्हाय. ही लोंढ्याला जाणार." एकदा हे असं जावेसमोर झालं. जाऊ फिदीफिदी हसली. घरी येऊन मी लेकीला झापलं, की चारचौघांत मला शिकवायचं नाही. तिनं पुन्हा कधी पाटी वाचून दाखवली नाही. मी कंडक्टरला विचारून चढू लागले.

तर तो कागद. मी तो घरी येऊन नीट बघितला. चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी महिना आणि साल, आकड्यांत. आकडे काय, आकडे तर माझेच! पहिल्या तीन तारखा जुन्या होत्या. सरांनी बोट ठेवलेली चौथी ओळ जरा लांब होती, पण तारीख गाडी घेण्याच्या तीनच महिने आधीची. आणि त्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या, पट्टीनं, सरळ. आता गणिताच्या बाईनं काय समजावं? आमच्यात उत्तराखाली दोन रेघा मारतात. दोन रेघा म्हणजे सुटलं, संपलं, पुढचं उदाहरण घ्या. मी मनात म्हटलं, भला माणूस, विकायच्या आधी नवा बेल्ट घालून दिला. धारवाडला फोन करून मी आभारही मानले. "बेल्टाचं बघितलं हं सर, लई उपकार झाले." ते म्हणाले, "उपकार कसले टीचर, सांगायलाच पायजे ते." दोघंही खूश.

पुढची अडीच वर्षं मी ऐटीत गाडी चालवली. आमचे हे कधी गाडी शिकलेच नाहीत, ते शेजारी बसून देवाचं नाव घेतात.

बेळगावच्या वाटेवर मच्छे गावात एक मेकॅनिक आहे, माझ्याच एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ. मला बघून हातातला पाना खाली ठेवतो, इतका मान. लेकीला बाळंतपणाला आणायचं ठरलं, तेव्हा मी गाडी त्याच्याकडे नेली. कोल्हापूरपर्यंत, तिच्या सासरी, जाऊन यायचं होतं. त्यानं ब्रेक बघितले, तेल बघितलं आणि विचारलं,

"टायमिंग बेल्ट कधी बदललाय, टीचर?"

"नवाच आहे. आणि काही आवाज नाही त्याचा," मी म्हटलं आणि आप्पांचा नियम त्याला ऐकवला. तो हसला.

"आप्पांचा पट्टा बोलत हुता. ह्यो मुका हाय. गिरणीचा पट्टा घसरतोय, म्हणून वराडतोय. ह्याला दात असत्यात. ह्यो घसरत न्हाय आणि बोलत न्हाय. बंद झाकणात असतोय, दिसत बी न्हाय. जातोय तवा एकदम, आणि जाताना आतलं वॉल्व वाकवून जातोय. म्हणून ह्याचं हिशेबानं. किलोमीटर न्हायतर वर्षं, जे आदी भरंल ते."

"किलोमीटर तर काहीच नाहीत."

"गाडी उभी ऱ्हायली तरी रबर म्हातारं हुतंय की. कुठं लिवलंय काय, कधी बदलला?"

मी खण उघडून कागद दाखवला. तो वाकला, डोळे बारीक केले आणि मान हलवली. "कन्नड काय मला वाचाय येत न्हाय, टीचर. काय लिवलंय?"

किती सहज म्हणाला तो! हात पुसत, पोटात काही न ठेवता. मलाही तेवढंच म्हणता आलं असतं. गॅरेजच्या दारात चार माणसं उभी होती, त्यांतल्या कुणीही ती ओळ वाचली असती. पण मी चष्मा नाकावर सारखा केला, ओळीवरून बोट फिरवलं, आणि वर्गात वाचतात तशा आवाजात म्हटलं, "बदललाय. गाडी घेतली त्याच्या तीन महिने आधी."

"मग काय काळजी न्हाय," तो म्हणाला. तरी जरा घुटमळला. "लेकीला आणाय जाणार हाय तर घालून टाकूया काय नवा? दोन दिवस गाडी सोडा. मन साफ हुतंय."

दोन दिवस माझ्याकडे नव्हते. आमच्याकडे लेकीला सातव्यात आणतात नाहीतर नवव्यात, आठव्यात नाही. तिचा सातवा संपत आला होता आणि विहीणबाईंनी दिवस ठरवून कळवला होता. जावई म्हणत होते, "मी सोडतो की आई, आमच्या गाडीतनं." मीच ऐकलं नाही. पहिलं बाळंतपण, माहेरची गाडी दारात आली पाहिजे, आणि ती मी चालवत आली पाहिजे, हे मी मनात कधीचं धरून बसले होते. त्यात मेकॅनिकबद्दलही माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, धंदा आहे त्याचा, नवाकोरा बेल्ट काढून आणखी नवा घालेल. ज्या माणसानं सगळ्यांत शहाणपणाचं सांगितलं, त्याच्यावर मी संशय घेतला. ठरलं, बेल्ट आणखी दोन वर्षांनी बघायचा.

कोल्हापूरला सगळं साग्रसंगीत झालं. लेकीची ओटी भरली, हिरव्या बांगड्या भरल्या, नारळ दिला, लाडवांचा डबा दिला. जावई दाराशी दोनदा म्हणाले, "सावकाश जावा." लेक पुढं माझ्या शेजारी बसली, सीटचा पट्टा पोटाखालून घेऊन. आमचे हे घरीच थांबले होते, मागच्या सीटवर सामान होतं. ऊन मऊ होतं, निपाणीपर्यंत आम्ही हसत खिदळत आलो. बारशाला कुणाला बोलवायचं नाही, यावर आमचं एकमत झालं.

निपाणी मागं पडली आणि तवंदीचा घाट लागला. मी गिअर उतरवला. अर्ध्या चढावर असेन. पायाखालचा जोर गेला. झालं ते एवढंच. आचका नाही, धूर नाही, वास नाही. कुणी दिवा मालवावा तसं इंजिन गेलं. मला वाटलं, माझाच पाय चुकला. मी किल्ली फिरवली, तर आतून हलकी, रिकामी घरघर आली, जशी जात्यात दाणे नसताना येते. स्टिअरिंग दगड झालं. गाडी थांबली, आणि मग हळूच मागे सरकायला लागली.

मागे ट्रक होता. आरशात फक्त त्याचं तोंड दिसत होतं, बाकी काही नाही. त्यानं जो भोंगा दिला, तो अजून माझ्या छातीत आहे. मी ब्रेक दाबला, तोही लाकडासारखा झाला होता, दोन्ही पायांनी दाबला, हँडब्रेक ओढून दोन्ही हातांनी धरला. ट्रक आमच्या आरशाला घासतोय की काय असं वाटेपर्यंत जवळून निघून गेला. त्याच्या मागचा बाजूनं गेला. त्याच्या मागचाही. गाडी थांबायची आणि पुन्हा बोटभर सरकायची.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. लेक उतरली. मी म्हणतेय, उतरू नको, पण ती ऐकतेय कुठं. ती रस्त्याच्या कडेला गेली, गुडघे रुंद करून खाली बसली, चुना लावलेला एक धोंडा पोटाशी धरून उचलला, मागे जाऊन चाकाखाली सरकवला. मग दुसरा आणला. मग माझ्या खिडकीशी आली. बांगड्यांवर चुना लागला होता.

"आई, आता पाय काढ. धोंडा लावलाय."

माझे पाय निघेनात. तिनं दार उघडून माझा गुडघा हातानं उचलला, तेव्हा मी उतरले.

तंबाखूची पोती भरलेला एक टेम्पो आमच्या पुढं थांबला. ड्रायव्हरनं आम्हाला कठड्याच्या आतल्या बाजूला सावलीत बसवलं, लेकीला पाणी दिलं, निपाणीच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. लेकीनं जावयांना फोन केला, ते निघाले. मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, "पोटात दुखतंय का? बाळ हलतंय का?" ती म्हणत होती, "हलतंय गं आई. तू आदी पाणी पी."

मेकॅनिक मोटरसायकलवरून आला. त्यानं एकदा किल्ली फिरवली, लगेच हात काढला, आणि वरचं झाकण खोललं. आतून काळा पट्टा ओढून माझ्यासमोर धरला. एका जागी तुटलेला, आणि दात गळालेले, म्हाताऱ्या फणीचे गळतात तसे. "हे बघा. कंपनीतनं आलेला पहिला बेल्ट हाय ह्यो. वॉल्व गेलं असणार सगळं. कधी बदललावता?"

आणि मी, इतकं सगळं झाल्यावरही, सवयीनं म्हणाले, "बदललाय की. लिहून ठेवलंय आत."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. "आई," ती म्हणाली, "तसं न्हाय लिवलेलं."

ती उठली. मी म्हटलं बस, तरी उठली, गाडीत वाकून झाकणाचा कागद अलगद सोडवला आणि शेजारी येऊन बसली. तिनं शेवटची ओळ कन्नडमध्ये वाचली, सावकाश. टायमिंग बेल्ट इन्नू बदलिसिल्ल. अजून बदललेला नाही. या महिन्यात बदलायचा होता, राहून गेला. गाडी कमी पळाली असली तरी वर्षं भरलीत. टीचर, आधी हे करून घ्या.

एकेक शब्द मला कळला. कुणी मोठ्यानं वाचलं की सगळं कळतं मला, तेच तर आहे. अडीच वर्षं तो भला माणूस माझ्याच नावानं मला हाक मारत होता, खाली दोन रेघा मारून, आणि मी त्याला फोन करून आभार मानत होते. ज्या चढावर गाडी सरकली, तिथून आम्ही फार तर वीस पावलांवर बसलो होतो. ट्रक अजून जातच होते.

"तू दिवाळीत बघितलंवतंस ना हे?" मी विचारलं. मला आठवलं होतं. दिवाळीत ती आली होती, बडीशेप शोधायला तिनं तो खण उघडला होता, आणि म्हणाली होती, "आई, हे बेल्टाचं बघितलंस काय?" मी फटकन म्हटलं होतं, "वाचलंय मी. मला कळतंय वाचायला." त्यावर ती खिडकीबाहेर बघून हसली. मला तो कुत्सितपणा वाटला होता. दोन दिवस मी धुसफुसत होते.

"बघितलंवतं की," ती म्हणाली. "पण तू वाचलंय म्हणालीस. मला वाटलं, तू शिकलीस."

मी पदरानं चष्मा पुसायला लागले.

"आई, मी तिकडं सगळ्यांस्नी सांगितलंय. रिटायर झाल्यावर आमची आई कन्नड वाचाय शिकली म्हणून. सासूबाई कौतुक करत हुत्या तुझं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी मला बोलता येतं. ती कागद मांडीवर धरून बसली होती, आणि चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. मग तिनं विचारलं, "मग ह्यातलं तुला काय आलं वाचाय?"

"आकडे," मी म्हटलं.

जावई आले, आणि लेक त्यांच्याच गाडीतून माहेरी आली. मी मागं बसले, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन.

नवव्यात नात झाली, सुखरूप, हे आधीच सांगून टाकते. पण त्या सकाळी बेळगावच्या दवाखान्यात एक गोष्ट झाली. कळा सुरू झाल्या होत्या, आमचे हे खाली औषधं आणायला गेले होते, जावई वाटेत होते. सिस्टर एक कागद घेऊन आली, पेशंटची आई कोण म्हणाली, आणि खालच्या मोकळ्या जागेवर पेन टेकवलं. कागद वरपासून खालपर्यंत कन्नडमध्ये. लेक खाटेवरून माझ्याकडेच बघत होती.

"मला कन्नड वाचता येत नाही," मी म्हटलं. "वाचून दाखवा, मग सही करते." हे मी इतक्या सफाईदार कन्नडमध्ये बोलले, की सिस्टरला ते खरंच वाटेना. तुम्ही टीचर होता ना, तिनं विचारलं. होते, मी म्हटलं. मागच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

सिस्टर वैतागली, पण तिनं वाचलं. मधेच एक ओळ आली, की आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो आणि हे मला समजलेलं आहे. मी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पेन घेतलं. एकतीस वर्षं ठोकली तीच सही, पण या वेळी झोकदार केली नाही; एकेक अक्षर सुटं, कुणालाही वाचता येईल असं लिहिलं.